कोण आलंय

सुईण अमळनेरकडची. बाहेर मालगाडी शंटिंगला.
दाराआडून कुणीतरी विचारलं, काय व्हयनं वं? पोऱ्या का पोर?
ती म्हणाली, लेकरू व्हयनं,
आणि हात धुवायला गेली.
आठवा दिवस तसाच गेला. नाव ठेवलं सिम्हा,
जे दोन्हीकडे चालतं.

बाबा गार्ड. ब्रेकव्हॅनमध्ये कंदिलाशी बसून
रेल्वेच्याच मेमोबुकात त्यांनी उतरवून ठेवलं
अलिबागच्या हज्जानकडून ऐकलेलं, जुन्या पंडितांचं म्हणणं:
असं मूल कशात पुरुषासारखं, कशात बाईसारखं,
कशात दोघांसारखं, कशात कुणासारखंच नाही.
त्याला मारणाऱ्याचा गुन्हा मात्र पुरा.
आणि एक जण, बहुधा वैतागून, म्हणाला:
ते आपल्यापुरतं एक आहे, आपल्याच्यानं ठरत नाही.
त्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ.
शेजारी: ०२.४०, सावदा, सिग्नल मिळाला नाही.

त्याच पानावर कोय. आंब्याची नव्हे,
एक जनावर, शेळी की हरीण ते न कळणारं.
मला वाटायचं ते सातपुड्यात असणार,
पालच्या जंगलात, पाणी पिताना कान टवकारून.

मराठीनं अडवलं, मराठीनंच वाट दिली.
आलो म्हणावं की आले? बसलो? निघाले?
मग मी अकर्मक क्रियापदं सोडून दिली.
मी खाल्लं. मी वाचलं. मी दार लावलं.
कर्म समोर असलं की कर्त्याकडे कुणी बघत नाही.
भुसावळच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं
मी केळीच्या पेट्या मोजल्या, पावत्या फाडल्या.
कुठं जायचं झालंच तर उद्याचं बोलायचं: जाईन, येईन.
भविष्यकाळात कुणाला काही कळत नाही.

काल बाबांना वर्ष झालं.
मिन्हाला दहा हवेत.
वरणगाव फॅक्टरीतले चार, जळगावचे चष्मेवाले तिघे भाऊ,
एझ्रा, आणि हनोखजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
दहावा इगतपुरीहून निघालेला, गाडी पाचोऱ्याला उभी.
कूलर खडखडत होता.
मलिद्याच्या ताटात रावेरची केळी काळी पडायला लागली.
खिडकीतला उजेड दिवसात धरावा की रात्रीत?
या वेळेलाही पंडितांनी संशयच म्हटलंय,
मला म्हणतात त्याच शब्दानं.

हनोखजी मोजायला लागले. आकडे घालून माणसं मोजायची नसतात;
दहा शब्दांची ओळ आहे, एकेकावर एकेक शब्द.
शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून थांबले.
नववा शब्द असा, की त्याचा अर्थ नुसता 'पर्यंत'.

एझ्रानं फोन लावला. कुणी उचलला नाही.
"तसं पाहिलं तर घरातच…" तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं.
"ठरलेलं नाही ना पण."
"न ठरलेलं एलियाहू येऊन ठरवणार म्हणतात," चष्मेवाल्यांतला धाकटा.
"तो कोणत्या गाडीनं येतोय?"
हसू आलं नाही कुणाला.

मी आतून पाण्याचा तांब्या आणला.
हनोखजींनी पावलांच्या दिशेनं मान वळवली.
"कोण आलंय?"

आलंय.
दारातल्या माणसाला मराठी आधी असंच विचारते,
पोस्टमनला, कलेक्टरला, सगळ्यांनाच.
पासष्ट वर्षं हे माझ्या कसं कानावर पडलं नव्हतं?

मी म्हटलं, मी.

त्यांनी हात पुढे केला. तांब्या चुकला,
मनगट सापडलं. ते त्यांनी सोडलं नाही.
ओठ हलले, एका शब्दापुरते.

इगतपुरीवाला पोचला तेव्हा कद्दीश संपत आलं होतं.
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. "चुकलं माझं. किती जण आहात?"
"बस," हनोखजी म्हणाले. "मोजत नसतात."

त्याच्यासाठी एक केळं मी बाजूला ठेवलं होतं.
काळा भाग कापून दिलं.